एका कातरीत दोन झगे

दि. ४ जानेवारी

ती. भिंगरीताईस,
अकरा मिनिटांनी धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पार्सल परवा पोचलं. सुतळीच्या गाठी नेहमीसारख्याच, सोडवता सोडवता माणसाचं वय वाढावं अशा. आत तपकिरी कोट. सोबतची चिठ्ठी वाचली. दुकानात असे दोनच उरले होते, जणू आपल्या दोघींचीच वाट बघत होते, आणि वर्षाच्या पहिल्या सोमवारी तू तिकडे घालणार, मी इकडे घालायचा. भिंगरे, आज पहिला सोमवार आहे आणि मी तो घातलेला नाही.

एवढं लिहून उठले, चहा केला, प्यायले, खिडकीतली कुंडी उगाचच फिरवून ठेवली. आता सांगूनच टाकते.

नोव्हेंबरात वाचनालयाच्या बांधणीखोलीत एक प्रकार झाला. जुन्या नकाशांचा जाडजूड खंड बांधायला आला होता. मी तो शिकंज्यात दाबत होते. अंगात आपला तो राखी झगा, रुंद बाह्यांचा. शिकंजा आवळला तो बाहीसकट. मला ना पुढे जाता येईना ना मागे. पुस्तकांच्या शिलाईवाल्या बाई धावत आल्या, त्यांनी कात्रीने बाही कोपरापासून कापली आणि वर म्हणाल्या की, बाई, तुम्ही दहा वर्षं या झग्याशी भांडताय, आज तो जिंकला असता. खुंटीवर जुन्या बांधणीकारांचा निळा डगला होता. ते निवृत्त झाल्यापासून तिथेच लटकलेला. जाड कापड, पुढे चार खिसे. तो त्यांनी माझ्या अंगावर चढवला.

संध्याकाळी मी तो काढायचं विसरले. घरी जाताना पावाच्या दुकानाच्या काचेत एक बाई दिसली. हात खिशात, मान सरळ, खळीचा डाग कॉलरवर. मला वाटलं, बरी आहे की ही! आणि मग कळलं की मीच. सहासष्ट वर्षांत काचेत दिसलेली बाई मला पहिल्यांदा ओळखीची वाटली. म्हणजे आधी ओळख पटली नाही आणि मग एकदम पटली, असं काहीसं. तुला कळेल.

तेव्हापासून मी डगला आणि सैल पँट घालते. दोन शिवून घेतले, दोन्ही निळे. अंबाडा कापला. केस कानाच्या वर आहेत आणि पांढरेच ठेवलेत. मागच्या वर्षभरातली तुझी तीन पार्सलं घडी न मोडता कपाटात आहेत, आणि प्रत्येक वेळी 'छान बसलं' असं मी तुला खोटं लिहिलं. ते खोटं मला या कोटापेक्षा जड झालं होतं.

रागावशील. रागाव, पण उत्तर लिही. भावजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी माया कमी न होवो ही विनंती,
सोंगटी


दि. १२ जानेवारी

चि. सोंगटीस,
अ. उ. आ. (आशीर्वाद सवयीने लिहिले. मनात सध्या नाहीत.)

पत्र मिळालं. चार तारखेला तपकिरी कोट घालून मी दाताच्या दवाखान्यात गेले होते, लेकीकडे. तिथल्या बाकावर बसून मनात म्हणाले, आत्ता सोंगटी पण कोटाची बटणं लावत असेल. आणि तू तिकडे कुणा परक्या म्हाताऱ्याचा डगला घालून हिंडत होतीस.

बाई गं, मी टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडले, पण माझी स्वतःची लाइन एकाच माणसाशी होती. मी लग्न करून इकडे आले तेव्हा गाडी सुटताना आपण काय ठरवलं होतं? जे घ्यायचं ते दोन घ्यायचं. आज इतकी वर्षं मी दुकानात शिरले की 'दोन आहेत का' हाच पहिला प्रश्न. इथला दुकानदार मला 'दोनवाल्या बाई' म्हणतो. आता त्याला काय सांगू? की माझी बहीण सहासष्टाव्या वर्षी वयात आली?

हे म्हणतात की कापड ते कापड, एवढं मनाला लावून घेऊ नये. गणिताच्या मास्तरांना काय कळणार! दोनातून एक गेला की यांच्या फळ्यावर एक उरतो. इथे मला काहीच उरल्यासारखं वाटत नाही.

तुझा कोट परत पाठव. आणि दुसरं. वीस मार्चला आईची नव्वदी आहे. साठीला, सत्तरीला, ऐंशीला आपण तिच्या दोन बाजूंना सारख्या कपड्यांत उभ्या राहिलोय, दाराच्या दोन बाजूंना दोन कुंड्या असाव्यात तशा. ते तीन फोटो दादाच्या भिंतीवर ओळीने आहेत. चौथ्यात तू पाइप दुरुस्त करायला आल्यासारखी दिसणार का? तुझं काय ते तू बघ, पण आईला काय वाटेल? जिने आपल्याला जन्मापासून एकासारखं एक नटवलं, तिला नव्वदाव्या वर्षी हे दाखवायचं? निदान त्या एका दिवसापुरती माझी बहीण हो.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.
भिंगरी


दि. २१ जानेवारी

ती. भिंगरीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रडू आलं आणि तिसऱ्यांदा 'पाइप दुरुस्त करायला' इथे हसू फुटलं. शिलाईवाल्या बाईंना तेवढं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की तुमच्या बहिणीची जीभ आमच्या सुईपेक्षा बारीक आहे.

आईच्या वाढदिवसाला तू म्हणशील ते घालीन. राखी तर राखी, तपकिरी तर तपकिरी. एका दिवसाने माझं काही झिजत नाही आणि आईपुढे तर मुळीच नाही. हा विषय मिटला.

पण तुझी बहीण होण्यासाठी मला कोट लागतो हे काही मला पटत नाही. सातवीत तुला गोवर झाला तेव्हा मला झाला नव्हता, तरी मी तुझ्या खाटेखाली चटई टाकून झोपले होते. तेव्हा काय आपल्या अंगात सारखं होतं?

आता एक विचारते. खरं उत्तर दे. तपकिरी रंग मला कधीच आवडला नाही. राखी नाही, तो बिस्किटासारखा रंग तर नाहीच नाही. मी इतकी वर्षं घालत राहिले कारण मला वाटायचं तुला आवडतात. मी स्वतः पाठवायचे तेव्हाही तसलेच शोधून पाठवायचे, तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून. तर भिंगरे, यातला कुठला रंग तुला मनापासून आवडला होता? एक सांग.

कोट पाठवत नाही. शिलाईवाल्या बाईंच्या आईला थंडी फार, त्यांना दिला. त्यांना फार शोभतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
सोंगटी


दि. १८ फेब्रुवारी

चि. सोंगटीस,
अ. उ. आ. (या खेपेला मनापासून.)

उत्तराला जवळजवळ महिना लागला. रागाने नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तरच सापडेना.

पत्र वाचल्यावर मी कपाट उघडून पलंगावर सगळे कपडे पसरले. एकेक हातात घेतला. हा का घेतला? सोंगटी सडपातळ, तिला शोभेल म्हणून. हा? वाचनालयात भडक चालत नसेल म्हणून. हा? सोंगटी गंभीर स्वभावाची म्हणून. अगं, पलंगभर कपड्यांत माझ्यासाठी घेतलेला एकही निघाला नाही! आपण दोघी एकमेकींसाठी राखी घालत राहिलो आणि राखी मात्र कुणालाच नको होता. हे खोलीत आले, त्यांनी तो ढीग बघून विचारलं की गावाला निघालीस का. मी म्हटलं, हो, पण कुठल्या ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराने मला बघताच दोन बोटं वर केली. मी मान हलवून एक बोट दाखवलं. त्याने विचारलं, काय दाखवू? आणि मला सांगताच येईना. सहासष्ट वर्षांच्या बाईला स्वतःला काय आवडतं हे माहीत नसावं, ही काय कमाल आहे! त्याच्या बायकोने मला आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की काही सांगू नका, नुसतं बघा, जिथे हात आपोआप जाईल ते खरं.

हात गेला तो जांभळ्यावर. कुठला जांभळा म्हणून विचारू नकोस. दवाखान्यातल्या औषधासारखा नाही. ताज्या वांग्याच्या सालीसारखा चकचकीत, त्यावर हातभर केशरी फुलं. झगा घोट्यापर्यंत. मी फिरून बघितलं तर घेर माझ्यामागून फिरला. मी आणखी एकदा फिरले. दुकानदारीणबाई म्हणाल्या की आता पुरे, चक्कर येईल. वर मी पिवळा स्कार्फ घेतला आणि टपोऱ्या मण्यांची लाल माळ. लाल, सोंगटे! जांभळ्यावर!

घरी आले. हे पेपर वाचत होते. यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले की टेलिफोनवर तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला होता तेव्हा मला वाटलं होतं की पलीकडची मुलगी अशीच काहीतरी दिसत असेल. आणि परत पेपरात तोंड घातलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलेलं मला आठवत नाही.

पण लेक आली आणि सगळं मुसळ केरात. दारातच थबकली. म्हणाली की आई, अगं वय बघ, लोक काय म्हणतील, आजी बघेल तर तिला काय वाटेल. तिच्या तोंडून माझंच पत्र ऐकल्यासारखं झालं. तुला जे सुनावलं तेच. झगा काढून ठेवला. हातभर उंच उडून दोन हात खाली पडले म्हण.

तेव्हा वाढदिवसाला आपण राखीच घालू. ठरलं तसंच. आईचं मन नको दुखवायला. पण जांभळा मी परत करणार नाही. अधूनमधून दार लावून घालीन.

माझ्या तिखट पत्राबद्दल माफ कर. तुझा निळा डगला एकदा डोळ्यांनी बघायचाय.

अशीच माझी राहा,
भिंगरी


दि. २५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी तब्येत ठणठणीत आहे असं दादाने कळवलं. जिना चढताना तू त्याच्या आधी वर पोचतेस आणि वरून त्याला हाका मारतेस, अशीही तक्रार आहे.

एक विचारायचंय. भिंगरीला हे पत्र लिहिल्याचं ठाऊक नाही, कळलं तर माझं काही खरं नाही. तुझ्या नव्वदीला आम्ही दोघी राखी झगे घालून येणार आहोत, तुझ्या आवडीप्रमाणे सारख्या. मला चालेल. पण भिंगरीने स्वतःसाठी एक जांभळा झगा घेतलाय, आणि तो ती तुझ्या भीतीने दार लावून घालते. आई, आपली भिंगरी दार लावून घालते गं. आयुष्यभर तिने माझ्या नावाने खरेदी केली. तिने तो सगळ्यांसमोर घातला तर तुला वाईट वाटेल का? आम्ही सारख्या दिसलो नाही तर तुला चुकल्यासारखं होईल का? जे असेल ते स्पष्ट लिही.

तुझी पायधूळ,
सोंगटी


दि. ५ मार्च

चि. भिंगरी आणि चि. सोंगटी यांस,
दोघींना मिळून एकच आशीर्वाद, वाटून घ्या. या पत्राच्या दोन प्रती दादाने काढल्यात, एकेक दोघींना.

तुम्ही दोघी बावळट आहात.

तुम्ही जन्मलात तेव्हा माझ्या घरात दोन वर्षांचा दादा, पाळण्यात तुम्ही दोघी आणि शिलाईयंत्रावर शाळेचे दीडशे गणवेश. तुमचे कपडे शिवायला मला वेळ कुठला! कापडाच्या दोन घड्या एकावर एक ठेवायच्या आणि एका कातरीत दोन झगे कापायचे. दोनदा मापं घ्यायला नकोत, दोनदा खडूच्या रेघा नकोत. यात प्रेम नव्हतं, हौस नव्हती, नुसती घाई होती. प्रेम करायला रविवार होता.

पुढे तुम्ही मोठ्या झालात, कमावत्या झालात, तरी सारखंच घालताय. मला वाटलं पोरींना आवडतं. मला तो पोरकटपणा वाटायचा, पण म्हटलं आपण कशाला बोला, त्यांची मजा आहे. साठीचा, सत्तरीचा, ऐंशीचा फोटो काढताना दर वेळी मनात यायचं की या आतातरी थांबतील. तुम्ही माझ्यासाठी करताय हे सोंगटीच्या पत्रातून आज कळलं. आपण तिघी एका घरात राहिलो म्हणायचं आणि एकमेकींना एक साधा प्रश्न विचारायला इतकी वर्षं लावायची!

मी पंच्याऐंशीव्या वर्षापासून कॅनव्हासचे पांढरे बूट घालते. तुमच्या वहिनीने नाक मुरडलं. मी म्हटलं, बाई, पाय माझे आहेत. आता तीही तसलेच घालते.

वीस तारखेला मला दोन मुली हव्यात. एकच मुलगी दोनदा नको. ज्या कुणी राखीत येतील त्यांना केक मिळणार नाही.

पत्र पुरे, हात दुखतो.
तुमची आई


दि. २९ मार्च

प्रिय सोंगटीस,
अ. उ. आ.

तू दुसऱ्याच दिवशी गेलीस, बांधणीखोलीत काम खोळंबलं होतं म्हणून. मी आठवडाभर आईपाशी राहिले, उद्या निघेन. तुझ्यामागे काय काय झालं ते लिहिते, आणि तू असताना जे तुला दिसलं नाही तेही.

आधी लेकीचं. आईचं पत्र मी तिला वाचायला दिलं होतं. वाढदिवसाला तिने माझ्या जांभळ्यावर एक अक्षर काढलं नाही. फक्त निघताना माझा स्कार्फ सारखा केला आणि म्हणाली की माळ जरा लांब हवी होती. तिच्याकडून ही म्हणजे परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखीच पावती आहे.

दादा तर खूश आहे. तू गेल्यावर तो सगळ्यांना सांगत होता की लहानपणी खोडी कुणी काढली ते कळायचं नाही म्हणून मी दोघींना चापट मारायचो, आज पहिल्यांदा कुणाला मारायचं ते लांबूनच कळलं. वहिनीने त्याला आठवण करून दिली की आता दोघीही उलट मारू शकतात.

फोटोवाल्याचं तुला सांगितलं नव्हतं. आईला मधे बसवून तो आपल्याला कुठे उभं करायचं ते ठरवत होता. तेव्हा त्याने हळूच मला विचारलं की निळ्या डगल्यातल्या त्या बाई घरातल्याच का, की कुणी पाहुण्या. मी हसून म्हटलं, माझी जुळी बहीण. त्याला ती थट्टा वाटली. तोही हसला. सोंगटे, आजवर रस्त्यात अनोळखी माणसंसुद्धा थांबून आपल्याकडे बघायची आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! तो अभिमान त्या मिनिटाला हातातून निसटला. मी तुझ्याकडे बघितलं तर तू खिशातून टेप काढून खुर्चीचा हललेला पाय बांधत होतीस, आई पडू नये म्हणून. त्या चार खिशांत तू काय काय घेऊन आली होतीस देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर आईने मला खिडकीपाशी उभं केलं. झग्याची कड उलटवली, आतली शिलाई बोटांनी चाचपली, तोंड वाकडं केलं. म्हणाली की शिलाई कच्ची आहे, दोन धुण्यांत उसवेल. मग घेर सोडून दिला, तो कसा पडतो ते बघत राहिली आणि म्हणाली की रंग मात्र तुझाच आहे. काल दिवसभर यंत्रावर बसून तिने ती सगळी शिलाई पक्की केली. नव्वदाव्या वर्षी, कॅनव्हासचे बूट यंत्राच्या पेडलवर. मला मदत करू दिली नाही.

आता जे लिहायला बसलेय ते. तुला पोचवायला मी स्टेशनवर आले. तू बॅग मला घेऊ दिली नाहीस. फाटकाशी निरोप घेतला आणि तू पुढे गेलीस. गर्दी नव्हती. तू फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलीस आणि मी तुला पाठमोरी बघत राहिले.

तुला सांगू का? मी तुला आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तुझ्याकडे बघितलं की मीच दिसायचे, माझाच झगा, माझाच अंबाडा. मी बघायचे ते हेच की आपण सारख्या दिसतोय ना. त्या दिवशी मात्र माझं काहीच तुझ्या अंगावर नव्हतं. आणि मला दिसलं की तू डाव्या बाजूला किंचित कलून चालतेस. बॅग पाठीला, एक हात खिशात, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर कसला तरी ठेका धरतात. मानेवरचे पांढरे केस वाऱ्याने उभे राहतात आणि तू ते बसवत नाहीस. एका बाकाजवळ तू थांबलीस, कुणाचं तरी पडलेलं वर्तमानपत्र उचललंस, घडी सरळ केलीस, ठेवून दिलंस आणि पुढे गेलीस. हे सगळं तू कधीपासून करतेस? नेहमीच करत होतीस का?

गाडी गेली तरी मी फाटकाशी उभी होते. जांभळ्या झग्यातली बाई एकटीच हसतेय म्हणून हमाल बघत होता. त्याला सांगावंसं वाटलं, अहो, ती आत्ता गेली ना, ती माझी बहीण. काय देखणी आहे हो!

पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येतेय, चांगली पंधरा दिवस. तुला बघायला.

वाट बघ,
तुझी भिंगरी